येत्या साली चांगले गुरुजी मिळतील का?

मंडळी, उन्हाळा लागला की गावात दोन आशा सुरू होतात. एक, यंदा पाऊस चांगला पडेल. दुसरी, पोराला येत्या साली गुरुजी चांगले मिळतील. आशा धरावी, त्यात चूक नाही. पण पावसाची आशा धरणारा शेतकरी मृगाआधी नांगरट, वखरणी करून ठेवतो. पोराच्या बाबतीत मात्र आपण नुसतं आभाळाकडं बघत बसतो.

आमच्या साक्षरता वर्गाला येणारे एक शेतकरी मागं एप्रिलात आमच्या ओट्यावर येऊन बसले. मुलगी तिसरीत. म्हणाले, "गुरुजी, हे साल कसंबसं निघालं. पुढच्या साली दुसरे मास्तर मिळाले म्हणजे झालं."

आम्ही विचारलं, "आत्ताच्या मास्तरांचं काय चुकतं?"

"शिकवीत नाहीत म्हणते पोरगी. शाळेचं नाव काढलं की रडते."

"त्यांना भेटलात का?"

ते घुटमळले. म्हणाले, "आम्ही काय विचारणार? आणि पोरीवर राग धरला तर?"

ही भीती खोटी नाही. आम्ही मुख्याध्यापक असताना एक आई अशीच भेटायला आली होती. आम्ही कामात होतो. "नंतर या," म्हणालो. ती पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी तिचा मुलगा शाळा सोडून गुरांमागं गेला. चूक आमची होती. ती अजून मनाला बोचते. म्हणून सांगतो, एकदा परत पाठवलं तर दुसऱ्यांदा जा.

आता नुसत्या आशेवर का बसू नये, ते पाहू.

पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असली, तर कायद्यानं शिक्षक दोन असतात. म्हणजे लहान गावात एक शिक्षक दोन-तीन वर्ग सांभाळतो. तेव्हा वर्ग बदलला तरी मास्तर तेच राहू शकतात. दुसरं असं, की चौथीपर्यंत मुलाला नापास करून मागं ठेवीत नाहीत. पोर वरच्या वर्गात गेलं म्हणजे त्याला वाचता आलं, असं नव्हे. जे कच्चं राहिलं, ते घेऊनच पोर पुढं जातं. मग चांगल्या मास्तरांपुढंही ते मान खाली घालून बसतं.

मग करावं काय?

पहिलं काम घरचं. पोराला जवळ घ्या. पुस्तकातला एक धडा वाचायला सांगा. तुम्हांला आता वाचता येतं. ते कुठं अडतं, हे तुम्हीच ओळखाल. फळा नीट दिसतो का, कोणी चिडवतं का, कोणी मारतं का, हेही हळूच विचारा.

दुसरं काम, मास्तरांना भेटा. भांडायला जाऊ नका. "मुलगी इथं अडते. शाळेत तुम्ही काय कराल? घरी आम्ही काय करू?" एवढंच विचारा. शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शिक्षकानं रोज वेळेवर यावं, गरज असेल त्या मुलाला जादा शिकवावं, आई-बापांना भेटून मुलाची प्रगती सांगावी, असं त्यात लिहिलं आहे. तेव्हा विचारणं हा तुमचा हक्क आहे.

तिसरं काम अवघड आहे. मास्तर शाळेत येतच नसतील किंवा मुलांना मारीत असतील, तर गप्प बसू नका. मुलाला मारायला कायद्यानं बंदी आहे. शाळेची व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांतले तीन सभासद आई-बापच असतात, आणि निम्म्या बाया असतात. चार घरांनी मिळून समितीपुढं जा. चौघं मिळून बोलले, म्हणजे एकाच पोरावर राग निघत नाही. तिथं दाद लागली नाही, तर जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल ३ महिन्यांत द्यावा, असा कायदा आहे.

आता त्या शेतकऱ्याचं ऐका. त्यांनी मुलीला वाचायला बसवलं. साधी अक्षरं तिला येत होती. जोडाक्षर आलं की ती थांबे. वर्गात पोरं हसत, म्हणून रडू येई. मग ते सुट्टीआधी मास्तरांना भेटले. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती. मास्तर एकटेच सगळे वर्ग ओढीत होते. त्यांनी मुलीला रोज दहा मिनिटं जवळ बसवायचं कबूल केलं. मे महिन्यात बाप-लेक रोज एक पान वाचीत. बापही जोडाक्षराला अडे! दोघं मिळून शिकले.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मास्तर तेच होते. पण मुलगी रडली नाही. रिकाम्या जागेसाठी समितीनं अर्ज केला. त्यावर बापानं स्वतःच्या हातानं सही केली. ती जागा काही लगेच भरली नाही. समितीनं दुसरा अर्ज दिला.

मंडळी, चांगल्या गुरुजींची आशा धराच. पण आज संध्याकाळी दिवा लागला की पोराला जवळ बोलवा, आणि म्हणा, "बाळ, एक पान वाचून दाखव."