काळ्या रानात कार्बन किती?

बीड जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी वाहते. तिच्या काठच्या गेवराई आणि माजलगाव तालुक्यांत खोल, काळी राने आहेत. तिथून दक्षिणेकडे येऊन बालाघाटाचे डोंगर चढू लागलो की माती पातळ होत जाते. पाटोदा-आष्टीच्या माळांवर तर कित्येक ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो.

गोदाकाठच्या मातीला काळा रंग कशामुळे आला? वर्गात हा प्रश्न विचारला तर बहुतेक जण सांगतील, "कुजलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे." हे उत्तर अगदीच चूक नाही. पण त्यावरून "जितकी माती काळी, तितके तिच्यात सेंद्रिय द्रव्य जास्त" असा हिशेब कोणी मांडला, तर तो मात्र साफ फसतो.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झाली आहे. या खडकातून स्मेक्टाइट जातीची अतिशय बारीक चिकणमाती तयार होते. पाणी मिळाले की ती फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तिच्या कणांना थोडेसे ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेले सेंद्रिय द्रव्य, घट्ट चिकटून बसते आणि सगळी माती काळी दिसू लागते. चमचाभर काजळाने बादलीभर चुना काळवंडावा, तसाच हा प्रकार. युक्रेन आणि रशियातली 'चेर्नोझेम' नावाची मातीही काळीच. डोकुचाएव या रशियन शास्त्रज्ञाने १८८३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला आणि तिथूनच आधुनिक मृदाशास्त्राची सुरुवात झाली असे मानतात. त्या मातीच्या शंभर किलोंत चार ते दहा किलो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त सेंद्रिय द्रव्य सापडते. मराठवाड्यातल्या पुष्कळ कोरडवाहू रानांत ते शंभर किलोंना जेमतेम एक किलोच्या आसपास भरते. रंग एकच, पण शिल्लक निरनिराळी!

ही शिल्लक मोजायची कशी? माती तापवून जाळावी आणि वजन किती घटले ते पाहावे, ही युक्ती सहज सुचते. पण आपल्या मातीत ती दगा देते. चिकणमातीच्या स्फटिकात अडकलेले पाणीही उष्णतेने निघून जाते. शिवाय आपल्या मातीत चुनखडी असते. नांगरटीत वर येणारे ते पांढरे खडे तुम्ही पाहिले असतील. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फार तापवले की तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. मग घटलेल्या वजनात पाचोळ्याचा वाटा किती आणि खड्यांचा किती, हे कोण सांगणार?

वॉकली आणि ब्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी १९३४ साली यावर एक सुंदर वाट दाखवली. एक ग्रॅम माती घ्यायची. तिच्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण मोजून घालायचे आणि वर तीव्र गंधकाम्ल ओतायचे. मिश्रण आपोआप कढत होते. डायक्रोमेट सेंद्रिय कार्बनाचे ऑक्सिडीकरण करतो आणि ते करताना स्वतः खर्ची पडतो. अर्ध्या तासाने त्यातला किती उरला हे फेरस अमोनियम सल्फेटच्या द्रावणाने मोजतात. निळा-जांभळा रंग एका थेंबासरशी लख्ख हिरवा झाला, की अनुमापन संपले.

आणि चुनखडीतला कार्बन? तो आधीच पूर्ण ऑक्सिडीभूत झालेला असतो. त्याच्यापासून डायक्रोमेटाला घेण्यासारखे काही उरलेलेच नसते. त्यामुळे खडे मोजणीत येत नाहीत. आठवी-नववीत ऑक्सिडीकरणाची व्याख्या घोकताना तिचा उपयोग काय, असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी याचा जरूर विचार करावा.

आता आकडे पाहू. माती न घालता केलेल्या कोऱ्या परीक्षेत ०.५ नॉर्मल फेरस द्रावण २० मिलिलिटर लागले आणि माती घातल्यावर १७.४ मिलिलिटर लागले असे समजा. फरक २.६ मिलिलिटर. त्याला ०.५ ने आणि कार्बनाच्या ०.००३ ने गुणले, की एक ग्रॅम मातीत ०.००३९ ग्रॅम, म्हणजे ०.३९ टक्के कार्बन मिळतो. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कार्बन सापडतो, म्हणून ०.७७ ने भागायचे. उत्तर आले सुमारे ०.५ टक्के. भारतात सर्वसाधारणपणे ०.५ च्या खाली 'कमी' आणि ०.७५ च्या वर 'जास्त' असे धरतात. (ही परीक्षा तुम्ही स्वतः करू नका. तीव्र गंधकाम्ल आणि विषारी क्रोमियम ही शाळेच्या बाकावरची वस्तू नव्हे. प्रयोगशाळेत जाऊन पाहा.)

अर्धा टक्का म्हणजे अगदीच क्षुल्लक, असे वाटते ना? एक हेक्टर रानाची वरची वीतभर माती सुमारे २० लाख किलो भरते. तिचा अर्धा टक्का म्हणजे १० हजार किलो कार्बन. ह्यूमसमध्ये साधारण दहा-बारा भाग कार्बनामागे एक भाग नायट्रोजन असतो, म्हणजे त्या रानात नायट्रोजनही ८००-१००० किलो साठवलेला आहे. जंतू दर वर्षी त्यातला एक ते तीन टक्के भाग मोकळा करून पिकाला देतात. शिवाय आपल्या मातीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो, आणि अशा मातीत जस्त व लोह असूनही मुळांना मिळत नाही. ह्यूमसातली आम्ले ते धरून ठेवतात आणि मुळांपर्यंत पोचवतात.

मोजणी कितीही बारकाईची असली, तरी नमुना चुकला की सगळेच चुकते. त्यासाठी रानात वेड्यावाकड्या वाटेने फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वीतभर खड्डे घेतात आणि त्यांच्या कडेची माती एकत्र करतात. बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा टाळायची. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करत राहायचे. २०१५ साली केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली. तिच्यात बागायती भागात अडीच हेक्टरांना एक आणि कोरडवाहू भागात दहा हेक्टरांना एक नमुना, असे प्रमाण ठरवले होते. सपाट मुलखात हे चालून जाईल. बालाघाटाच्या उतारावर मात्र दहा हेक्टरांत माळाची बरड आणि ओढ्याकाठची काळी अशी दोन्ही राने येतात. त्यांच्या सरासरीचा आकडा दोघांनाही लागू पडत नाही. माझ्या मते अशा गावांत प्रत्येक रानाचा नमुना वेगळाच घ्यायला हवा.

सेंद्रिय द्रव्य इतके कमी का? उन्हाळ्यात कोरड्या मातीत जंतू स्वस्थ पडून असतात. पहिला पाऊस झाला की ते कामाला लागतात आणि काही तासांतच मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. ऊब आणि ओल एकत्र आली की कुजण्याचा वेग वाढतो. खर्च असा भरमसाट, आणि भर मात्र थोडी. पऱ्हाटी चुलीत जाते, कडबा गुरांच्या पोटात जातो आणि शेणाच्या गोवऱ्या होतात. बीडमध्ये आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्यांच्या बैलगाड्या असतात त्यांचे बैलही सोबत जातात. मग पाच-सहा महिन्यांचे शेण परमुलखात पडते आणि घरचा उकिरडा रिकामा राहतो. मातीच्या अहवालात हे कुठे लिहिलेले नसते.

भर घातली तर ती टिकते का? इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे एका बार्लीच्या पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे दर साल हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत घातले आणि मग बंद केले. शेजारच्या खत न घातलेल्या पट्ट्यापेक्षा तिथला कार्बन शंभर वर्षांनंतरही जास्त होता. तो देश थंड आहे. आपल्याकडे ही शिल्लक इतकी टिकणार नाही, आणि एवढे शेणखत तर कोणाजवळच नाही.

तुम्हांला घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. वर्षानुवर्षे नांगरलेल्या रानातले सुपारीएवढे ढेकूळ घ्या आणि बांधावरच्या, गवत उगवलेल्या जागचे तेवढेच दुसरे घ्या. दोन्ही सावलीत आठवडाभर वाळवा. दोन काचेचे पेले पाण्याने भरून त्यांत चहाच्या गाळण्या अडकवा, आणि एकाच वेळी दोन्ही ढेकळे अलगद आत सोडा. घड्याळ लावा. ज्या ढेकळात सेंद्रिय डिंक कमी, ते बुडबुडे सोडत मिनिटा-दोन मिनिटांत विरघळल्यासारखे खाली बसेल. दुसरे बहुधा बराच वेळ आकार धरून राहील. प्रत्येक रानातली तीन-तीन ढेकळे तपासा. वहीत रानाचे नाव, मागचे पीक आणि लागलेली मिनिटे लिहा. पावसाळ्याआधी एकदा आणि सुगीनंतर एकदा, असे दोनदा केलेत तर उत्तम.