हातगुण, शिट्ट्या आणि उरलेला भात

स्वयंपाकाला जन्मतःच हातगुण लागतो, आणि तो ज्याच्या ठायी नाही त्याने, विशेषतः दिवसभर कचेरीत दप्तरे हाताळणाऱ्या पुरुषाने, मुकाट्याने खाणावळीचा डबा लावावा, ही समजूत इतकी रूढ आहे की पत्नीची बदली दुसऱ्या तालुक्याला होऊन आठ वर्षांच्या मुलीसह मी वाईत मागे राहिलो तेव्हा मला पहिली मसलत मिळाली ती डब्याचीच. ती मी मानली नाही. मुलीच्या पानात एका वेळेला तरी घरचे ऊन अन्न पडावे, अशी माझी मनापासून इच्छा होती. वर्षभरात वरण-भात, एक भाजी आणि भाकरी एवढे साधले, आणि त्या ओघात ध्यानी आले की ज्याला आपण हातगुण म्हणतो तो बहुतांशी कार्यकारणभावाचे ज्ञान व सराव यांचाच परिपाक असतो. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या प्रमाणांवर असंख्य नवशिक्यांना स्वयंपाक शिकवला, तोही याच विश्वासावर.

डाळ शिजली नाही की मिठाला बोल लावतात. वस्तुतः खरा अडथळा असतो आंबटाचा आणि जड पाण्याचा: चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच पडले, अथवा विहिरीचे पाणी क्षारयुक्त असले, तर डाळीच्या पेशींच्या भिंती लवकर सैल होत नाहीत. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावे, आणि कचेरीतून आल्याबरोबर डाळ धुऊन अर्धा तास भिजत टाकावी. तेवढ्यात हातपाय धुऊन भाजी चिरून होते. दुसरी चूक शिट्ट्या मोजण्याची. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, आणि शिट्टी म्हणजे केवळ जादा वाफेने वजन उचलून बाहेर पडणे होय. आच मोठी असली तर तीन शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ मात्र कच्ची राहते. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून दहा मिनिटे मोजावीत, हे अधिक भरवशाचे.

भाकरीला बाईचाच हात लागतो, या समजुतीने मला सर्वांत अधिक छळले. पहिले आठ दिवस भाकरी परातीतच कडेने फाटत असे. अखेर शेजारच्या काकूंनी डब्यातले पीठ चिमटीत घेऊन चोळले आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, हाताला दोष देऊ नका, पिठाची विरी गेलीय. कधीचं दळलंय हे?’’ पीठ महिन्याहून जुने होते. ज्वारीत गव्हासारखे चिवट प्रथिन नसते. ताज्या पिठात कढत पाणी घातले म्हणजे त्यातील पिष्ट फुलून चिकट होते, आणि त्याच चिकटपणाने भाकरी एकसंध राहते. आता मी आठवड्यापुरतेच दळून आणतो, एका भाकरीपुरतेच पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळतो, भाकरी थापतो, पिठाची बाजू वर ठेवून ती तव्यावर टाकतो, तिच्यावर पाण्याचा हात फिरवतो आणि ते पाणी सुकण्याच्या बेतात आले की उलटतो. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा प्रथम सुटला त्या संध्याकाळी मुलीने नुसत्या तुपाबरोबर दीड भाकरी खाल्ली.

सर्वांत घातक समज मात्र उरलेल्या भाताविषयी आहे: रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी परतला की निर्दोष होतो, असे सुजाण माणसेही धरून चालतात. तांदळात ‘बॅसिलस सीरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही तग धरतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेले ओकारी आणणारे विष पुन्हा तापवल्यानेही नष्ट होत नाही. उन्हाळ्यात तर याची विशेष तजवीज हवी. जेवणे आटोपताच मी उरलेला भात ताटात पसरून निववतो आणि तासाभराच्या आत झाकून शीतकपाटात ठेवतो. सकाळी त्याचाच फोडणीचा भात होतो. हळद लगेच करपते म्हणून ती शेवटी घालायची, हे मुलीला आता पाठ झाले आहे, आणि मोहरी तडतडू लागली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वेणी घालत उभी राहून ती सांगते, ‘‘बाबा, आता जिरं.’’