कानावर पहिला हक्क कोणाचा?

अनसिंगला धावपट्टी नाही. वाशिमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावातून विमानतळ पाहायला निघालं, तर अकोल्याची शिवणी, अमरावतीचं बेलोरा, यवतमाळ किंवा नांदेड गाठावं लागतं. तरीही लहान खासगी विमान चालवताना गाणी ऐकावीत की नाही, हा प्रश्न इथल्या माणसाला परका वाटण्याचं कारण नाही. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत शिवारात ट्रॅक्टर फिरू लागले, की त्यांच्यापैकी कितीतरींवर गाणी सुरू असतात. कानठळ्या बसवणारं यंत्र, एकटा चालक, तासन्‌तास तेच ते काम आणि सोबतीला गाणं, ही परिस्थिती जमिनीवर आणि आकाशात सारखीच आहे. दुसरीकडे, लहान विमानंही आता महाराष्ट्राला नवलाची राहिलेली नाहीत. धुळे, बारामती आणि गोंदियाजवळचं बिरसी इथे तरुण मुलंमुली उड्डाणाचं शिक्षण घेत आहेत. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांचं विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणीही झाली. म्हणून हा प्रश्न आताच नीट समजून घ्यायला हवा. माझं म्हणणं असं, की संगीत चांगलं की वाईट यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उडत्या विमानात वैमानिकाच्या कानावर कोणाचा हक्क आधी आणि कोणाचा नंतर, हे ठरवावं लागतं. त्या क्रमात संगीत सर्वांत शेवटी येतं आणि गप्प बसण्याची पाळी मात्र सर्वांत आधी त्याची असते.

संगीत हवंसं वाटण्यामागची कारणं खरी आहेत. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यात ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरांचा, एक लांबचा प्रवास विद्यार्थ्याने स्वतःच्या जबाबदारीवर करायचा असतो. ताशी १०० सागरी मैल वेगाच्या विमानाला त्यासाठी तीन तास लागतात. विमान ठरल्या उंचीवर स्थिरावलं, हवा शांत असली, की मधला बराच वेळ काट्यांवर नजर ठेवण्यात आणि खालचा मुलूख नकाशाशी ताडून पाहण्यात जातो. त्यात एका इंजिनाच्या लहान विमानात आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर असते. हा गोंगाट माणसाला थकवतो. यावरचा उपाय ज्यांनी शोधला, त्यांचं नाव भारतीयांच्या ओळखीचं आहे. बंगाली वडिलांचे चिरंजीव अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बॉस्टनला जाताना विमानातच नको असलेला आवाज विरुद्ध ध्वनिलहरींनी कापण्याची कल्पना सुचली. १९८६च्या डिसेंबरमध्ये ‘व्हॉयेजर’ हे विमान वाटेत कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आलं, तेव्हा त्यातल्या दोन वैमानिकांच्या कानांवर बोस यांच्या कंपनीचे नमुन्यादाखल बनवलेले हेडसेट होते. १९८९ पासून असे हेडसेट बाजारात मिळू लागले. इंजिनाची घरघर दबली, रेडिओ स्वच्छ ऐकू येऊ लागला आणि त्याच हेडसेटला गाण्याची जोडणी देणंही सोपं झालं. आज फोन आणि हेडसेट बिनतारी जोडायला क्षणभर पुरतो.

आता वैमानिकाचा कान काय काम करतो ते पाहू. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाची पोती घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता. एकट्या माणसाला इंजिनाची तब्येत कळायची ती थोड्याशा काट्यांवरून आणि मुख्यतः आवाजावरून. आज पडदे आले, तरी कानाचं ते काम संपलेलं नाही. जुन्या पद्धतीच्या, कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात दमट हवेत आतल्या आत बर्फ धरतो, आणि तोही बाहेर २०-२५ अंश तापमान असताना. पावसाळ्यातल्या आपल्या हवेत ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अशा वेळी इंजिन एकदम बंद पडत नाही. आधी फेरे थोडे उतरतात, आवाजाची पट्टी किंचित खाली येते, मग इंजिन खडखडू लागतं. वेळीच कळलं तर एक दांडा ओढून गरम हवा आत सोडायची, की काम भागतं. सेस्ना १७२ या शिकाऊ विमानाची आणखी एक सोय कानावरच अवलंबून आहे. त्याच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक लहानसं भोक असतं. विमानाचं नाक फार वर गेलं आणि वेग घटला, की तिथला हवेचा दाब कमी होतो, नळीतून हवा ओढली जाते आणि आतली रीड वाजू लागते. पंखाची उचल संपायला ताशी पाच-दहा सागरी मैलांचं अंतर उरलं असताना हा भोंगा वाजतो. त्याला वीज लागत नाही, पडदाही लागत नाही. त्याला फक्त मोकळा कान हवा असतो.

कानाचं दुसरं काम रेडिओचं. हवाई वाहतूक नियंत्रक विमानाच्या नावाने हाक मारतो आणि एका दमात सांगतो, की दिशा झिरो फोर झिरो घ्या, इतक्या उंचीवर या, हवेचा दाब वन झिरो वन टू. वैमानिकाने हे आकडे त्याच क्रमाने परत म्हणून दाखवायचे आणि लगेच यंत्रांवर लावायचे. एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर उंचीमापक चुकीची उंची दाखवतो. थोडे आकडे क्रमाने लक्षात ठेवणं, ही स्मरणशक्तीची तीच कसोटी आहे जिच्यावर मानसशास्त्रज्ञांनी पार्श्वसंगीताचा परिणाम मोजला आहे. सालामे आणि बॅडली या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं, की मागे गाणं सुरू असेल तर आकड्यांचा क्रम ध्यानात ठेवण्यात जास्त चुका होतात आणि शब्द असलेलं गाणं नुसत्या वाद्यसंगीताहून अधिक त्रास देतं. त्याआधीच्या, १९७६च्या एका प्रयोगात तर न कळणाऱ्या परक्या भाषेतलं बोलणं कानावर पडत असतानाही हाच घोटाळा झाला होता. म्हणजे गाण्याकडे आपलं लक्षच नसतं, या समजुतीने फार दिलासा मिळत नाही. लक्ष नसलं, तरी शब्द कानातून आत शिरतात आणि आकडे जिथे तात्पुरते ठेवायचे, ती जागा अडवून बसतात.

यावर पहिला आक्षेप यंत्राच्या भरवशावर घेतला जातो. चांगल्या इंटरकॉममध्ये रेडिओवर कोणी बोललं की गाणं आपोआप दबतं, मग अडचण कुठे आहे? सोय उपयोगाची आहे आणि ती नसेल तर विमानात गाणं लावूच नये. पण तिची मर्यादाही ओळखायला हवी. ही यंत्रणा तारेतून येणारा आवाज तेवढा ओळखते. पंखातला भोंगा आणि इंजिनाची बदललेली पट्टी तारेतून येत नाहीत, हवेतून येतात. त्यांच्यासाठी गाणं दबत नाही. आवाज कापणारा हेडसेट आधीच बाहेरचं जग मंद करतो, त्यावर गाण्याचा थर चढला की कानापर्यंत पोचायची वाट आणखी अरुंद होते. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने २००७ मध्ये अशा हेडसेटमुळे इशाऱ्याचे भोंगे आणि यंत्रातले वेगळे आवाज ऐकू न येण्याचा धोका लेखी कळवला होता, तोही गाण्याचा विषय बाजूला ठेवून. शिवाय नियंत्रकाचं बोलणं थांबलं, की गाणं परत वर येतं. नेमकं त्याच वेळी वैमानिक ऐकलेले आकडे डोक्यात धरून बटणं फिरवत असतो.

दुसरा आक्षेप रस्त्यावरचा आहे. मोटारीत सगळेच गाणी ऐकतात, ट्रॅक्टरवरही ऐकतात, मग विमानाचाच एवढा बाऊ का? एक फरक उघड आहे. रस्त्यावर काही खटकलं तर गाडी बाजूला घेऊन थांबता येतं. विमानाला हवेत थांबता येत नाही, त्यामुळे चूक कळायला झालेला उशीर भरून काढायची जागाच नसते. पण हा आक्षेप दुसऱ्या बाजूनेही तपासायला हवा. ट्रॅक्टरवर गाणं बिनधोक आहे, असं आपण गृहीत धरतो ते कशाच्या आधारावर? उघड्या ट्रॅक्टरचा आवाजही ९० डेसिबलच्या घरात जातो आणि त्यावर गाणं ऐकू यायचं तर ते त्याहून मोठं लावावं लागतं. कानाला आठ तास सोसवेल अशी पातळी ८५ डेसिबल धरतात आणि दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास. मागे रोटाव्हेटर फिरत असताना कोणी ओरडलं, ट्रॉली घेऊन हमरस्त्यावर असताना मागच्या ट्रकने हॉर्न दिला, मळणी यंत्रात काही अडकून आवाज बदलला, तर हे सारं कानालाच कळायचं असतं. तेव्हा ट्रॅक्टरचं उदाहरण देऊन विमानातलं गाणं निर्दोष ठरत नाही. उलट विमानाची शिस्त ट्रॅक्टरवर यायला हवी, असं त्यातून निघतं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कंटाळ्याने डोळ्यावर झापड येते, गाणं माणसाला जागं ठेवतं, मग ते सुरक्षेलाच मदत करत नाही का? यात तथ्य आहे आणि म्हणूनच मी सरसकट बंदीच्या बाजूचा नाही. काम फार कमी असलं तरी लक्ष ढिलं पडतं आणि फार वाढलं तरी ते अपुरं पडतं. यावर विमानसेवेने फार मोठी किंमत मोजून तोडगा काढला. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत शार्लट इथे धुक्यात उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान कोसळलं आणि ७०हून अधिक माणसं दगावली. धावपट्टीकडे येत असताना वैमानिक राजकारण आणि जुन्या मोटारींविषयी गप्पा मारत होते आणि उंचीचं भान सुटलं, हे चौकशीत उघड झालं. १९८१ मध्ये नियम आला, की १०,००० फुटांच्या खाली असताना उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं किंवा करायचं नाही. हा नियम प्रवासी विमानांसाठी आहे आणि तो पूर्ण मौन लादत नाही. वरच्या शांत टप्प्यात गप्पांना मोकळीक ठेवतो, उड्डाण आणि उतरणीच्या टप्प्यात ती काढून घेतो. लहान विमानं बहुधा १०,००० फुटांच्या खालीच उडतात, त्यामुळे फुटांचा आकडा त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, पण टप्प्यांचं तत्त्व लावता येतं. आणि झोपेचं म्हणाल, तर खरोखर पेंगणाऱ्या वैमानिकाला गाणं तारून नेणार नाही. त्याने जवळची धावपट्टी गाठून उतरावं.

स्वयंचलित यंत्रणा विमान सांभाळत असली, तर कान थोडे सैल सोडायला काय हरकत आहे, असंही विचारलं जातं. २१ ऑक्टोबर २००९ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचं १८८ क्रमांकाचं विमान मिनियापोलिसला उतरायचं होतं. दोन्ही वैमानिक लॅपटॉपमध्ये गुंतले होते. विमान सरळ उडत राहिलं, नियंत्रक हाका मारत राहिले आणि तासाहून अधिक काळ कोणी ओ दिली नाही. उतरायचं ठिकाण सुमारे २४० किलोमीटर मागे पडल्यावर चूक ध्यानात आली. तिथे गाणं नव्हतं, पण कान उघडे असूनही मन दुसरीकडे गेलं की हाक पोचत नाही, हे त्यातून दिसतं. विमान स्वतःचं, जीवही स्वतःचा, मग इतरांनी का बोलावं, या म्हणण्यालाही उत्तर आहे. ३१ मे २०१४ रोजी कोलोराडोतल्या वॉटकिन्सजवळ एक दोन आसनी सेस्ना रात्री कोसळली. वैमानिक मोबाइलवर स्वतःची छायाचित्रं काढत असावा आणि त्यातच त्याचं भान हरपलं असावं, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. त्याच्यासोबत शेजारी बसलेला प्रवासीही गेला. खासगी विमान म्हणून त्यातला धोका खासगी राहत नाही. शेजारच्या आसनावर, त्याच हवेत उडणाऱ्या दुसऱ्या विमानात आणि खालच्या शेतात माणसं असतात.

म्हणून क्रम साधा आहे आणि तो पाळण्याजोगा आहे. पहिला हक्क विमानाच्या स्वतःच्या आवाजाचा, दुसरा रेडिओचा, तिसरा सोबत बसलेल्याच्या बोलण्याचा आणि सगळ्यांत शेवटी गाण्याचा. परवाना हाती येईपर्यंत विद्यार्थ्याने गाणं लावूच नये, कारण इंजिनाचा नेहमीचा आवाज कोणता हे त्याच्या कानाला अजून शिकायचं असतं. परवानाधारकाने लावलं तर विमान ठरल्या उंचीवर स्थिर झाल्यावर, हवा स्वच्छ असताना, शक्यतो वाद्यसंगीत, आणि तेही इंजिनाच्या आवाजातला बदल सहज कळेल इतक्या हळू लावावं. आवाज आपोआप दबतो की नाही, हे इंजिन सुरू करण्याआधी तपासावं. खाली यायला सुरुवात करण्यापूर्वी, विमानतळाच्या आसपास आणि काहीही खटकलं की ते बंद करावं. बंद करायला फोन चाचपावा लागत असेल तर ते मुळात लावूच नये, एक बटण हाताशी असावं. धुळे, बारामती, गोंदियातल्या संस्थांनी उड्डाणापूर्वीच्या तपासणीत ही एक ओळ घातली, तर त्याला खर्च शून्य आहे. आणि अनसिंगच्या शिवारात ट्रॅक्टरवर बसणाऱ्यानेही हाच क्रम उचलावा. मोकळ्या रानात, मागे कोणी नसताना गाणं जरूर लागू द्यावं, पण वळण घेताना, रस्त्यावर येताना आणि माणसं जवळ असताना ते बंद असावं. गाण्यावर प्रेम करणाऱ्याला यात काही गमवावं लागत नाही, कारण घरी सुखरूप पोचलेल्या माणसाला तेच गाणं पूर्ण लक्ष देऊन ऐकता येतं.