ओल कुठून येते?

आमचे घर पत्र्याचे होते. थंडीच्या दिवसांत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पहाटे पत्र्यातून पाणी टपकायचे. आई म्हणायची, पत्र्याला घाम फुटला. आम्ही अंथरुणे सरकवायचो. दप्तर मात्र भिजायचेच. वह्यांना बुरशीचा वास यायचा. शाळेत एका गुरुजींनी माझी वही चिमटीत धरून साऱ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, "यांच्या वस्तीतली घाण वहीतसुद्धा येते." वर्ग हसला. मी मान खाली घातली, कारण तेव्हा मला ते खरेच वाटले होते.

ते खोटे होते हे कळायला बी.एस्सी.पर्यंत जावे लागले. आज मी पदार्थविज्ञान शिकवतो आणि 'दवबिंदू' हा धडा आला की ती वही आठवते.

धडा साधा आहे. ऊन हवा अधिक बाष्प सामावते, थंड हवा कमी. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशाला नऊच्या आसपास. हवा थंड पृष्ठभागाला टेकली की जादा बाष्पाचे पाणी होते. पत्रा रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. खाली माणसे झोपलेली असतात. झोपलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. आम्ही सहाजण होतो. आठ तासांचे जवळजवळ दोन लिटर झाले! त्यात चुलीवरच्या आधणाची वाफ आणि घरातच वाळत घातलेली धुणी मिळवा. आज चुलीच्या जागी गॅस आला, तरी एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. पत्र्याला फुटलेला घाम आमचाच होता.

परंतु घरातली सगळीच ओल अशी नसते. ओलीच्या वाटा निरनिराळ्या असतात आणि त्या ओळखल्याशिवाय उपाय करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

जमिनीतली ओल विटेच्या आणि मातीच्या बारीक छिद्रांतून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी, भिंतीत चढते. ती तळापासून वर येते, बहुधा कमरेच्या उंचीपर्यंत, आणि वाळताना पांढरा क्षार मागे ठेवते. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. जोत्यावर डांबराचा किंवा दाट काँक्रीटचा ओलरोधक थर घातला तर ही वाट बंद होते. पावसाची ओल झोडपणाऱ्या अंगाच्या भिंतीवर, खिडकीच्या कडांशी, तड्यांपाशी डागांनी उमटते. वरच्या मोरीतून किंवा नळातून झिरपणारी ओल पावसाळा-उन्हाळा पाहत नाही. श्वासाची ओल मात्र कोपऱ्यात, कपाटामागे, छताच्या कडेला, जिथे वारा पोचत नाही तिथे काळ्या बुरशीच्या रूपाने दिसते.

शंका असेल तर भिंतीवर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावा. पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला असेल तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेतून. भिंतीतल्या ओलीवर तेलरंग फासला तर ओल आतच कोंडते आणि आणखी वर चढते. वर्षा-दोन वर्षांत रंगाचे पोपडे सुटतात आणि दोष पुन्हा राहणाऱ्याच्या माथी येतो.

येथे विज्ञानाला समाजाकडे पाहणे भाग पडते. आमची वस्ती गावाच्या उताराला, ओढ्याकाठी होती. गावाचे पाणी तिच्याकडेच वाहत यायचे. ती जागा आम्ही निवडली नव्हती. जोते उंच करायला लागणारा दगड आम्ही गावाच्या घरांसाठी वाहिला, आमच्या घरांना तो मिळाला नाही.

शहरात आल्यानेही हे संपत नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात झोपडीवासीयांसाठी २२५ चौरस फुटांच्या खोल्यांच्या पुनर्वसन वसाहती उभ्या राहिल्या. काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर आहे. तेथील क्षयरोगाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उजेड आणि वारा न मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवर रोग अधिक आढळला. ओलीने क्षय होत नाही, तो जंतूने होतो. पण ज्या कोंडलेल्या हवेत भिंत ओली राहते, त्याच हवेत खोकल्यातून सुटलेला जंतूही रेंगाळतो.

अशाच एका वसाहतीतला माझा विद्यार्थी प्लास्टिकचा प्रयोग घरी करून आला. पाणी खोलीच्या बाजूला निघाले होते. त्याने ते सोसायटीच्या सभेत सांगितले, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, "म्हणजे दोष तुमचाच. खिडक्या उघड्या ठेवत जा." त्याची खिडकी समोरच्या इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांवर आणि कचऱ्याच्या गल्लीवर उघडते.

मी त्याला एवढेच सांगितले की पुढच्या सभेत हिशेब मांड. खोलीत माणसे किती, रात्रीत पाणी किती, ते बाहेर न्यायला झरोके किती, नकाशात दाखवलेला वारा येण्याचा मार्ग प्रत्यक्षात कुठे आहे. गल्ली साफ ठेवणे कोणाचे काम आहे, हेही विचार. आणि कोणी पुन्हा दोष दिला तर सांग, श्वास घेणे म्हणजे अस्वच्छता नव्हे.

हे उत्तर मला त्या वर्गात द्यायचे होते.