विद्या, श्रद्धा आणि आचरण : टिळक दाम्पत्याचा वस्तुपाठ

शिक्षणाचा आणि श्रद्धेचा संबंध काय, हा प्रश्न महाराष्ट्रात गेली दीडशे वर्षे चर्चिला जात आहे. शिक्षणामुळे श्रद्धा डळमळते असे काहींना वाटते, तर श्रद्धेवाचून शिक्षण कोरडे राहते असे काहींचे मत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रातून या प्रश्नाचे जे उत्तर मिळते, ते या दोन्ही मतांहून वेगळे आहे. त्या चरित्राला कलाटणी देणारी घटना ज्या लोहमार्गावर घडली, तो मार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जातो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा ही स्थानके मागे टाकून गोंदियाला येते आणि पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसामार्गे छत्तीसगडात शिरते. १८९३च्या सुमारास हा सारा मुलूख मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात मोडत होता. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाल्याने टिळक नागपूरहून या मार्गाने निघाले होते. डब्यात त्यांची एका युरोपीय ख्रिस्ती सहप्रवाशाशी गाठ पडली. गप्पा काव्यावरून धर्मावर आल्या. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली आणि ‘तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल,’ अशा आशयाचे भाकीत केले.

टिळक तेव्हा तिशी ओलांडलेले, संस्कृतचे जाणकार, कवी आणि वक्ते होते. जातिभेदाविषयी त्यांच्या मनात तिटकारा होता आणि सर्वांना एकत्र आणणाऱ्या एखाद्या नव्या धर्माची कल्पना घोळत होती. भाकीत त्यांना अर्थातच पटले नाही. तथापि पुस्तक वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी ते थबकले. शत्रूवरही प्रेम करावे, दानाचा गाजावाजा करू नये, दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळापूर्वी आपल्या डोळ्यांतील मुसळ पाहावे, ही शिकवण त्यांच्या अंतःकरणाला भिडली. पुढे वाचन, पत्रव्यवहार, शंका-समाधान असा क्रम चालला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. एका विद्वानाने ग्रंथ वाचून, पारखून स्वीकारलेली अशी ही श्रद्धा होती.

येथपर्यंतची कथा ज्ञानाची आहे. त्या ज्ञानाची किंमत घरातील दुसऱ्या माणसाला मोजावी लागली, ही तिची दुसरी बाजू. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळ्याओवळ्याचा अतिरेक होता. लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले आणि अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडूनच. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. संसार मोडल्यासारखा झाला. लहान मुलाला घेऊन त्यांना नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढावे लागले. पतीचा स्वभाव आणि त्यांचे प्रेम ठाऊक असूनही त्यांचा नवा धर्म लक्ष्मीबाईंना मान्य नव्हता.

काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. टिळकांनीही त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. एकाच घरात दोन धर्म नांदत असताना लक्ष्मीबाई पाहत होत्या, तोलत होत्या. शेवटी त्यांना एक साधा प्रश्न पडला : जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांत जशी वेगळेपणाची खूण दिसते, तशी माणसामाणसांतही दिसली असती. ती दिसत नाही, म्हणजे भेद माणसाचा. हा निष्कर्ष निघताच, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरविले. त्यांची श्रद्धा ही अशी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर पालटली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे दोन प्रकारचे शिक्षण समोर येते. टिळक ग्रंथातून शिकले; लक्ष्मीबाई जगण्यातून शिकल्या. पहिल्याला पांडित्याची जोड होती, दुसऱ्याला निरीक्षणाची. तरीही दोघांची कसोटी एकच होती : पटलेले आचरणात येते काय? पुढे या दाम्पत्याच्या घरात अनाथ मुले वाढली, बालकवी ठोमरे यांच्यासारख्या तरुण कवीला आसरा मिळाला. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, कारण श्रद्धा बदलल्याने मायबोली बदलत नाही असे त्यांना वाटे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले. लग्नापर्यंत निरक्षर असलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी आत्मचरित्राला मानदंड दिला. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा प्रश्न एका घरापुरता नव्हता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास गेले. तेथील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये वाद पेटला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती निराधार म्हणता येणार नाही, कारण शिकविणारा प्रबळ आणि शिकणारी निराधार असेल, तर श्रद्धेचे स्वातंत्र्य नाजूक बनते. परंतु ज्यांना समाजात दुसरा आसरा नव्हता त्यांना रमाबाईंनी अक्षर आणि हाताला काम दिले, हेही तितकेच खरे. १८९६-९७च्या दुष्काळात याच मध्य प्रांतातून अनेक निराधार मुलींना त्यांनी आपल्याकडे नेले.

भारतीय संविधानाने या पेचावर तोडगा काढला आहे. अनुच्छेद २८ नुसार, शासनमान्य वा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण वा उपासनेची सक्ती करता येत नाही. टिळकांनी आपल्या घरात जो संयम पाळला, तोच येथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागांतील आश्रमशाळांमध्ये घरातील पहिली अक्षरे गिरविणारी मुले आजही येतात. त्यांच्या पालकांपुढेही लक्ष्मीबाईंचाच प्रश्न असतो : शिकलेले मूल आपले राहील काय? याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही. शिकलेला माणूस घरी परतल्यावर कोणाच्या पंक्तीला बसतो, न शिकलेल्या आईशी कसा बोलतो आणि आपले मत दुसऱ्यावर लादण्याचा मोह किती आवरतो, यावर ते अवलंबून आहे. श्रद्धा कोणतीही असो, वा नसो. विद्येची परीक्षा घरातच होते.