कोरी पाटी

एकच बेरीज सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरीच आली, तर तिच्यावर कोण विश्वास ठेवील? पण संगणकात कधी कधी असे घडते. एकच फाईल दोनदा कॉम्प्रेस केली, म्हणजे दाबून लहान केली, की दोन वेगळ्या फाईली तयार होतात. असे का होते?

‘रोज थोडे वाचन, रोज थोडे लेखन’ ही ओळ पाहा. ‘रोज थोडे’ हे शब्द पुन्हा न लिहिता ‘मागचेच शब्द घ्या’ अशी छोटी खूण केली, तर जागा वाचते. कोणते शब्द मागे कोठे आले, याचा तक्ता प्रोग्राम संगणकाच्या मेमरीत ठेवतो.

आता वर्गातील फळा आठवा. त्यावर इतिहासाच्या तासाचे सन तसेच राहिले आहेत. गणिताच्या सरांनी फळा न पुसता त्याखाली आकडे लिहिले, तर मुले सनांचीही बेरीज करतील! मेमरीचेही तसेच आहे. सी भाषेत ‘मॅलॉक’ने मागितलेली जागा कोरी असेलच असे नाही. तिच्यात जुन्या कामाचे अवशेष असू शकतात. प्रोग्राम त्यांनाच खरी नोंद समजतो. अवशेष बदलले की निकालही बदलतो. कधी तेथे योगायोगाने शून्ये असतात. मग चूक लपून राहते.

अशा फाईलीतून मजकूर कदाचित बरोबर निघेल; पण दोन प्रती ताडून पाहता येत नाहीत. खूणच चुकली, तर मजकूरही बिघडतो.

यावर उपाय काय? आधी चूक शोधावी. १९९६ साली ‘बीझिप२’ हा फाईल लहान करणारा प्रोग्राम ज्युलियन सिवर्ड यांनी प्रसिद्ध केला. त्यांनीच पुढे ‘व्हॅलग्राइंड’ हे साधन तयार केले. ते २००२ साली आले. मेमरीत कोठे लिहिले आणि कोठे नाही, याची ते नोंद ठेवते. न लिहिलेल्या जागेवरून प्रोग्रामने निर्णय घेतला, की ते इशारा देते.

मग ती जागा वापरण्यापूर्वी भरावी. ‘कॅलॉक’ने मागितलेली जागा शून्यांनी भरलेली मिळते. पण तक्त्यात शून्याचा अर्थ ‘पहिली जागा’ असा असेल, तर शून्यही फसवते. तेथे ‘नोंद नाही’ असा अर्थ असलेली वेगळी खूण लिहावी. शेवटी तीच फाईल अनेकदा दाबून सर्व निकाल जुळतात का, ते पाहावे.

जे आपण लिहिलेच नाही, ते खरे मानून वाचू नये, हा नियम संगणकालाही लागू आहे.

प्रश्न
१. न पुसलेल्या फळ्याचे उदाहरण लेखकाने का दिले आहे?
२. शून्य केव्हा फसवते?
३. ‘व्हॅलग्राइंड’ कोणते काम करते?