पतसंस्थेतील ठेव आणि सल्लागाराची गरज

जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेत अडकलेल्या ठेवींचे प्रकरण 2015 च्या सुमारास उघडकीस आले, तेव्हा जादा व्याजाच्या ओढीने निवृत्तीची पुंजी तेथे ठेवणाऱ्यांना कळून चुकले की बँकेतील ठेवीला मिळणारे विमासंरक्षण, जे 2020 पासून प्रति ठेवीदार प्रति बँक 5 लाख रुपयांपर्यंत आहे, ते पतसंस्थेला लागूच नसते. एवढी माहिती मिळवण्यासाठी सल्लागार लागत नाही. किंबहुना जळगाव-धुळ्यातील बहुतेक पगारदार व शेतकरी कुटुंबांना कायमस्वरूपी सल्लागाराची गरजच नसते. मात्र निवृत्तीची किंवा भूसंपादनाच्या मोबदल्याची मोठी रक्कम एकदम हाती येते, तेव्हा सेबीच्या 2013 च्या नियमांनुसार नोंदणी झालेल्या गुंतवणूक सल्लागाराला, म्हणजे योजना विकणाऱ्या कंपनीकडून नव्हे तर ग्राहकाकडूनच शुल्क घेणाऱ्या व्यावसायिकाला, एकदाच पैसे मोजून विचारणे इष्ट ठरते. विमा एजंट किंवा म्युच्युअल फंड वितरक दलालीवर काम करतो (त्यात गैर काही नाही), पण त्याच्या सल्ल्याला ‘मोफत’ म्हणणे भाबडेपणाचे आहे, कारण फंडाच्या नियमित, म्हणजे वितरकामार्फत घेतलेल्या, योजनेतील ती दलाली अखेर गुंतवणूकदाराच्याच पैशातून वर्षानुवर्षे वजा होत राहते.